कुणाकडं आलाय?

मराठी माणूस परगावी जातो, पण कारणाशिवाय जात नाही. लग्न, मुंज, बारसं, दहावा, स्पर्धा परीक्षेचं केंद्र, नोकरीची मुलाखत, मोठ्या डॉक्टरांचं दुसरं मत, सातबाऱ्यावर लावायचं नाव, आणि यातलं काहीच नसेल तर देव. पूर्वी हवापालट नावाचं एक कारण चालायचं, पण त्यालाही डॉक्टरांचा शब्द लागायचा. धडधाकट माणूस उठून पाचगणीला गेला की शेजारी त्याच्या छातीच्या फोटोची चौकशी करत. अशा या समाजात अलीकडे एक नवी जमात निपजली आहे. शुक्रवारी संध्याकाळी ती पाठीला सॅक अडकवून दुसऱ्या शहराकडे निघते, दोन दिवस तिथे भटकते आणि रविवारी रात्री परत येते. एकटी, किंवा फार तर एका मित्राला घेऊन. कशासाठी, असं विचारलं तर म्हणते, "असंच."

"असंच" हे कारण महाराष्ट्रात अजून मंजूर झालेलं नाही.

सुट्टी मात्र मंजूर आहे. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. मुहूर्त असा साधला की महिना उलटायच्या आत टाळेबंदी लागली आणि सगळ्या देशालाच सलग शनिवार-रविवार मिळाले. तेव्हा घराच्या चार भिंती ज्यांच्या अंगावर आल्या, ते अजून वसुली करत हिंडताहेत, असं माझं मत आहे.

आणि हे खूळ आजच्या पोरांनी काढलं, असंही कुणी समजू नये. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली ती मुळात आठवड्याअखेरची गाडी म्हणून. मुंबईच्या पैसेवाल्यांना पुण्याच्या रेसला न्यायचं आणि परत आणायचं, हे तिचं काम. रोजची गाडी ती नंतर झाली. आता तिच्यात पासवाले असतात, आणि शनिवार-रविवार कुठे घालवणार असं त्यांना विचारलं तर ते "अंथरुणात" असं उत्तर देतील. मुद्दा एवढाच की त्या काळच्या शेटजींकडेसुद्धा घरी सांगायला घोडे होते. घोड्यांवर पैसे उधळायला निघालो, हे घरच्यांना पचत होतं. नुसतं रस्त्यांवरून हिंडायला निघालो, हे आजही पचत नाही.

घरातला संवाद साधारण असा होतो.

"कोल्हापूरला? कोण आहे तिथे?"

"कुणी नाही."

"मग?"

"असंच. फिरायला."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

इथे बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात. आई ओट्यापाशी जाते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते आणि तिकडूनच विचारते, "ऑफिसात काही झालंय का?" मुलगा तीस वर्षांचा आहे, पगार वेळेवर होतो आहे, प्रकृती उत्तम आहे. पण माणूस एकटा कोल्हापूरला जातो म्हणजे नोकरी गेली, लग्न मोडलं किंवा डोक्यावर परिणाम झाला, या तीनपैकी एक नक्की. मुलगी असेल तर तीनाची सहा होतात, आणि सहावी शक्यता कुणी मोठ्याने बोलत नाही.

यावर जाणत्यांनी तोडगा शोधलेला आहे. "अंबाबाईचं दर्शन घेऊन येतो," एवढं म्हणायचं. घरातलं हवामान त्या क्षणी बदलतं. आई कपाटातून खण काढते, बाबा दानपेटीसाठी शंभराची नोट देतात आणि शेजारच्या काकू त्यांच्याही नावाने नारळ फोडायला सांगतात. मुंबईहून रात्री निघून सकाळी कोल्हापुरात सोडणारी गाडीही महालक्ष्मी एक्सप्रेस. म्हणजे पुरावा तिकिटावरच छापलेला. नाशिकच्या द्राक्षमळ्यात संध्याकाळ रंगवायची असेल तर घरी त्र्यंबकेश्वर सांगतात. पणजीच्या फोंतेन्हासमधल्या रंगीत घरांपुढे उगाच उभं राहायचं असेल तर मंगेशी. छत्रपती संभाजीनगरात दोन दिवस नान खलिया चापायचा असेल तर घृष्णेश्वर. आपल्या देवस्थानांची पांगापांग नकाशावर पाहिली की वाटतं, पूर्वजांनी पुढच्या पिढ्यांच्या शनिवार-रविवारची सोय फार विचारपूर्वक करून ठेवली आहे.

फक्त एक गोची होते. खण आणि नारळ दिलेला असतो, त्यामुळे दर्शनाला खरंच जावं लागतं. आणि शनिवार-रविवारी अंबाबाईला फक्त तुम्हीच आलेले नसता. अख्खी सकाळ बाऱ्यांमध्ये, पुढच्या माणसाच्या टी-शर्टच्या पाठीवरचं ब्रीदवाक्य पाठ करत जाते.

घर ओलांडलं की दुसरं नाकं म्हणजे लॉज. ऑनलाइन बुकिंग करा, पैसे आधी भरा, आधारची झेरॉक्स द्या. काउंटरवरचं ते लांबडं रजिस्टर काही चुकत नाही. सुतळीने बांधलेलं पेन आणि आडव्या रकान्यांची ओळ: नाव, वय, पत्ता, कुठून आला, कुठे जाणार, वाहन क्रमांक, आणि शेवटून दुसरा रकाना "येण्याचे कारण". तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचून पाहा. दर्शन. दर्शन. लग्न. कोर्ट काम. दर्शन. ऑफिस. दर्शन. त्याखाली एका प्रामाणिक इसमाने एकदा "फिरणे" असं लिहिलं. मॅनेजरने रजिस्टर स्वतःकडे वळवलं, चष्मा वर सरकवला, तो शब्द वाचला, इसमाकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "दर्शन करू का?" इसमाने मान डोलावली. त्या पानावर आता खाडाखोड आहे, पण सगळी माणसं भाविक आहेत.

एकट्याने जायचे पैसे दुकट्याचे पडतात, हेही इथेच कळतं. खोलीचं भाडं दोघांचं ठरलेलं; एकटा माणूस रिकाम्या उशीचे पैसे भरतो. मित्र घेऊन गेलात तर हिशेब जुळतो. मित्राऐवजी मैत्रीण असेल आणि दोन आधार कार्डांवर दोन आडनावं असतील, तर दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये असं कायद्यात कुठेही नसलेलं कलम काउंटरवर सापडतं. आणि बाई एकटी असेल तर मॅनेजर एकदम वडीलधारा होतो. बँकेत लोकांची कर्जं मंजूर-नामंजूर करणाऱ्या अधिकारी बाईंना तो विचारतो, "ताई, घरी माहीत आहे ना?"

मित्राबरोबर जाण्याचंही थोडं सांगायला हवं, पण जास्त सांगण्यासारखं नाही. व्हॉट्सॲपवर "कोल्हापूर फिक्स" नावाचा ग्रुप निघतो, त्यात आठ-नऊ जण अंगठे दाखवतात, शुक्रवारपर्यंत ते "बघतो", "कळवतो" करत गळतात आणि गाडीत दोघं बसतात. त्यातल्या एकाकडे यादी असते. कुठल्याशा रीलवरून उतरवलेली, सकाळी आठ ते अकरा या वेळात तीन ठिकाणच्या मिसळी खायला लावणारी. दुसऱ्याकडे लॅपटॉप असतो, कारण त्याच्या साहेबांनी रविवारी दुपारी "पाच मिनिटांचा कॉल" ठेवलेला असतो. दोघांनाही कारण मिळालेलं असतं. असंच आलेला कुणीच उरत नाही.

आता खुद्द कोल्हापूर. पुण्यात कारण नसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तिथे कारण असलेल्यालाही विचारत नाहीत. मुंबईला विचारायला वेळ नाही. कोल्हापूर मात्र विचारतं, आणि त्याचा प्रश्न ठरलेला आहे: "कुणाकडं आलाय?" स्टँडवर रिक्षावाला विचारतो. चप्पल दाखवता दाखवता दुकानदार विचारतो. तांबडा-पांढरा वाढणारा पोरगा दुसरी वाटी ओतताना विचारतो, कारण पाच जणांच्या कुटुंबाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तुम्हाला त्यानेच चिकटवलेलं असतं आणि तुम्ही त्यांच्यातले नाही हे त्याला आत्ता कळलेलं असतं.

"कुणाकडं नाही" हे उत्तर दिलं की पंचाईत सुरू होते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर हे नीट पाहता येतं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेस वर आलेला, कोमट दुधाचा पेला हातात देतो. ते दूध सावकाश प्यावं लागतं, म्हणजे बोलायला भरपूर वेळ. शेजारी पेला तोंडाला लावून उभा असलेला, बहुधा तालमीतून आलेला गडी, मिशीवरचा फेस मनगटाने पुसतो आणि म्हणतो, "कुठलं पावनं?" तुम्ही मुंबई सांगता. "कुणाकडं?" तुम्ही खरं सांगता. तो थांबतो. त्याच्या चेहऱ्यावर संशय अजिबात नसतो. असतो तो अपमान, साऱ्या गावाच्या वतीने वाटणारा. एवढं मोठं शहर, आणि एका माणसाला इथे कुणी नाही? "कुणाकडं न्हाई म्हंजे? आमच्याकडं चला की मग!" आणि तो खरंच म्हणत असतो. दुधाचे पैसेही त्याने दिलेले असतात. एकांताच्या शोधात तुम्ही दहा तासांचा प्रवास करून आलात आणि पहिल्याच संध्याकाळी एका पैलवानाच्या घरी जेवायला बसलात, अशी उदाहरणं ऐकिवात आहेत.

या शहरात कारणाशिवाय कुणी आलेलंच नाही, असा त्याचा समज असेल तर इतिहास त्याच्या बाजूने आहे. टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्ती आहे, पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि मुक्काम पोस्ट करवीर! हा तरी बापडा असाच भटकत आला असेल, अशी मला आशा होती. पण अभ्यासक सांगतात, सातवाहन काळात रोमशी व्यापार चाले, त्यातून तो इथवर आला. म्हणजे त्यालाही काम होतं. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, इकडे गदारोळ उठला आणि मग कंपनीची माणसं कारागिरांना भेटायला इथे आली. त्यांच्याकडे तर पाय ठेवायलाच कारण होतं. न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघसुद्धा राजघराण्याच्या शिकारीच्या निमित्ताने आले आहेत, आणि त्या सगळ्या इमारतीत निवांत म्हणावेत असे तेवढेच आहेत.

पण पैलवान, मॅनेजर, रिक्षावाला ही परकी माणसं. त्यांच्यापासून सुटता येतं. खरा पेच नात्यातला आहे. कोल्हापुरात कुणी नाही, असं सांगणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाची कोल्हापुरात एक चुलत आत्या असते. तिला तुम्ही कळवलेलं नसतं. तुम्ही फक्त संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून पाण्याचा एक फोटो काढता आणि स्टेटसला ठेवता. खाली नाव नाही, गाव नाही. पंधराव्या मिनिटाला फोन येतो. "रंकाळ्यावर बसलायस? अरे, आमचं घर तिथून चार पावलांवर!" मग आवाज खाली येतो. "लॉजवर उतरलास?" हा प्रश्न कोर्टात विचारतात तसा विचारलेला असतो. आत्या गावात असताना लॉजवर उतरणं हा तिच्या सासरच्यांसमोर केलेला गुन्हा आहे, आणि रात्री तो फॅमिली ग्रुपवर नोंदवला जातो.

रविवार तिथे जातो. अकराला पोहे, मग "आता जेवूनच जा". जेवण होईतो आतेभावाचे बारावीचे मार्क, आत्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, समोरच्या बिल्डिंगमध्ये आलेलं स्थळ आणि तुमचं वय, हे विषय क्रमाने संपतात. काका जेवणानंतर लवंडतात आणि तुम्हालाही "जरा पडा" म्हणतात. खासबागेत शाहू महाराजांनी उभारलेल्या ज्या कुस्तीच्या मैदानाच्या कठड्यावर दुपारभर एकटं बसायचं तुम्ही ठरवलेलं होतं, त्याबद्दल काका झोपेतून सांगतात, "आता काही नसतंय तिथं, कुस्त्या लागल्या की या." संध्याकाळी आत्या दारापर्यंत येते, कपाळाला कुंकू लावते आणि हातात पिशवी देते. तिच्यात पाच किलोची गुळाची ढेप असते, वर चटणी, आईसाठी ब्लाउजपीस.

सोमवारी ऑफिसात लोक विचारतात, कसा झाला एकट्याचा वीकेंड?

म्हणून एक विनंती, संबंधितांना. लॉजमालकांनी रजिस्टरमधला तो रकाना ठेवावा, पण त्यात "असंच" छापून घ्यावं आणि खूण करायला चौकट द्यावी. पोलिसांना चालत असेल तर. आईवडिलांनी मुलगा किंवा मुलगी एकटं कुठे निघालं तर पोचल्याचा फोन मागावा, तो हक्काचा आहे. पण नोकरीबद्दल विचारू नये. आणि कोल्हापूर, नाशिक, सांगली, सोलापूर येथील समस्त आत्या, मावशी व काकूंनी लक्षात घ्यावं: तुमच्या गावात तुमचा भाचा किंवा पुतण्या एकटा बसलेला दिसला, तर त्याला काहीही झालेलं नाही. त्याला हाक मारू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. अगदीच राहवलं नाही तर गूळ लॉजच्या काउंटरवर ठेवा, आणि एक किलोच ठेवा. सॅकमध्ये जागा तेवढीच असते.