कमी खर्चाचा विनोदी सिनेमा बहरीनमध्ये कसा पाहावा

आधी वार ठरवावा. बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि रविवारी ऑफिस, म्हणून खेळ गुरुवारी रात्री लावावा. शनिवारी लावला तर पाहुणे घड्याळाकडे बघत हसतात.

सिनेमा शक्यतो असा निवडावा, की त्यात खरा नायक बैल असेल. उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ (२००८) या कामी उत्तम. कुसवडे गावात देवाला सोडलेल्या डुरक्यावर गावातल्या प्रत्येक नुकसानीचा आळ येतो. त्याला पकडायला वन खात्याचा अधिकारी येतो आणि त्याचा भाऊ कॅमेरा घेऊन गावकऱ्यांना बोलतं करतो.

बसण्याची व्यवस्था विचारपूर्वक करावी. सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना मागे बसवावं. मोहन आगाशे यांचे सरपंच तोंड उघडायच्या आतच ती हसतात, कारण असे सरपंच त्यांच्या भावकीत असतात. मल्याळी शेजाऱ्याला पुढे जागा द्यावी. तो सबटायटल वाचून संवाद संपण्याआधीच हसतो. मुंबईकर या दोघांकडे पाहून हसतो.

बहरीनी सहकाऱ्याला ‘तुम्हाला कळणार नाही’ असं मुळीच सांगू नये. २०१८मध्ये सौदीत चित्रपटगृहं पुन्हा उघडेपर्यंत तिथले रसिक २५ किलोमीटरचा किंग फहद पूल ओलांडून याच बेटावर सिनेमे पाहायला येत. बहरीनचा स्वतःचा पहिला कथापट, बस्साम अल-थवादी यांचा ‘अल-हाजिज’, आला तोच १९९०मध्ये. तेव्हा थोडक्या पैशांत सिनेमा करणं म्हणजे काय, हे त्याला समजावण्याची गरज नाही. तो एवढंच विचारेल, ‘‘पण बैलाने नेमकं केलं काय?’’ यावर यजमानाने गप्प राहावं. कुसवडेकरांनाही ते धड सांगता आलेलं नाही.

‘सीरियलसारखा वाटतो,’ असं म्हणणारा एक पाहुणा असतोच. त्याच्याशी वाद घालू नये. चहा देताना ‘वळू’ रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेल्याचं सहज सांगावं. पहिल्या घोटापर्यंत त्याला छायाचित्रण आवडलेलं असतं. दुसऱ्या कपापर्यंत तो इतरांना त्यातलं राजकारण समजावू लागतो.

त्याला थांबवायचं असेल, तर पुढच्या गुरुवारसाठी परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ जाहीर करावा. मात्र तो भारतातर्फे ऑस्करला गेला होता, हे या वेळी आधीच सांगून टाकावं आणि वड्यांचं पीठ थोडं जास्त भिजवावं.