कंडिशनल ऑफर लेटर यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. कंडिशनल ऑफर लेटर यांस,
मुक्काम : ब्रिटनमधली समस्त विद्यापीठं

सा. न. वि. वि.

आपलं बोलणं मोठं गोड असतं. पहिल्या ओळीत अभिनंदन, दुसऱ्या ओळीत जागा देऊ करताना होणारा आनंद आणि तिसऱ्या ओळीत खरं काम : ए-लेव्हल या शालान्त परीक्षेत ए-स्टार, ए, ए. केंब्रिजला गणित शिकायचं असेल तर शिवाय ‘स्टेप’ या प्रवेश परीक्षेचे दोन पेपर. तिथपासून ऑगस्टमधल्या एका गुरुवारपर्यंत घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची झोप आपल्याकडे गहाण असते. विद्यापीठांचे अर्ज एकत्र हाताळणाऱ्या युकास या संस्थेच्या नियमानुसार अर्ज पाच, पण हाती ठेवायच्या ऑफर दोनच : एक ‘फर्म’, एक ‘इन्शुरन्स’. दुसरी सहसा कमी गुणांची निवडतात. म्हणजे परीक्षेला बसण्याआधीच नापसंतीच्या विद्यापीठाचीही सोय लावून ठेवायची.

आपण स्वतः कशाच्या भरवशावर लिहिले जाता, हे मात्र आपण मोठ्या अक्षरांत सांगत नाही. शिक्षकांनी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी वर्तवलेल्या ग्रेड्सवर! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गिल वाइनेस यांनी २०१६ साली या भाकितांचा हिशेब मांडला. तीन सर्वोत्तम विषयांचे गुण धरले, तर अंदाज तंतोतंत उतरला तो जेमतेम १६ टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतीत. सुमारे ७५ टक्क्यांना शिक्षकांनी प्रत्यक्षाहून जास्त दिले होते. इतकी चूक एखाद्या पंचांगकर्त्यानं केली असती, तर पुढच्या वर्षी त्याचं पंचांग कुणी विकत घेतलं नसतं. आपण मात्र दर हिवाळ्यात ताजेतवाने हजर!

२०२० साली तर कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, तरी अट कायम राहिली. शिक्षकांनी ग्रेड दिले, ऑफक्वाल या नियामक संस्थेनं त्यावर अल्गोरिदम चालवला आणि शाळेचा मागचा निकाल पाहून मुलांचा आताचा निकाल ठरवला. इंग्लंडमध्ये सुमारे ३९ टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आले. ज्या वर्गात पाच किंवा त्याहून कमी मुलं, तिथं मात्र शिक्षकांचा शब्द चालला. आणि इतके छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त असतात. मुलं रस्त्यावर उतरली. १३ ऑगस्टला लागलेला निकाल १७ ऑगस्टला सरकारनं फिरवला. तोवर कित्येक जागा हातातून गेल्या होत्या.

पुढच्या वर्षी त्याहून मोठं संकट आलं : मुलं अट पूर्ण करू लागली. २०२१ मध्ये पुन्हा शिक्षकांनीच दिलेल्या ग्रेड्सपैकी ४४.८ टक्के ए किंवा ए-स्टार निघाले. वैद्यकीयच्या जागा मोजक्या आणि पात्र झालेल्यांची रांग लांब. तेव्हा एक्सेटर विद्यापीठानं वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना विनवलं : वर्षभर थांबा, दहा हजार पौंड देतो, राहण्याचीही फुकट सोय करतो. अट मोडणाऱ्याला दार बंद, हे ठाऊक होतं. अट पाळणाऱ्यालाही पैसे देऊन दाराबाहेर थांबवता येतं, हे आपण शिकवलंत.

आता आपलं एक गुपित. २०१५ पासून इंग्लंडमध्ये विद्यापीठांनी किती विद्यार्थी घ्यावेत यावरची सरकारी मर्यादा उठली. वैद्यकीयसारखे अपवाद सोडले, तर रिकामी खुर्ची म्हणजे बुडालेली फी. त्यामुळे एखादा ग्रेड हुकला तरी पुष्कळ ठिकाणी आपण डोळेझाक करता आणि मुलाला घेऊन टाकता. जिथं गर्दी असते तिथं तीच अट पोलादी होते. राहिलेल्या जागांसाठी ‘क्लिअरिंग’चा बाजार भरतोच. शिवाय विद्यापीठांना निकाल काही दिवस आधीच कळवलेला असतो; बातमी फोडायला बंदी, एवढंच. म्हणजे बुधवारी रात्री मुलगी छताकडे बघत पडलेली असते, तेव्हा तिचं काय झालं हे आपल्याला माहीत असतं.

महाराष्ट्रातही आपली चांगली ओळख आहे. एम.एस्सी.ला निघालेल्यांकडे आपण पदवीचे अमुक टक्के मागता, आयएल्ट्सचा ६.५ बँड मागता. अटी पुऱ्या झाल्याशिवाय ‘कॅस’ हा पक्क्या प्रवेशाचा दाखला नाही, कॅसशिवाय व्हिसाचा अर्ज नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. परदेशातला प्रवेश हातात असलेल्यांनी पेपर कधीच लिहून दिले होते. आपल्याला हवा होता गुणपत्रिकेचा कागद, आणि तो छापण्याचं काम विद्यार्थ्यांकडे नव्हतं.

तेव्हा आपल्यालाही एक ऑफर, अर्थात कंडिशनल. मागच्या वर्षी किती जणांना अट हुकूनही घेतलं, तो आकडा प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पत्रात तिसऱ्या ओळीखालीच छापावा. आणि निकाल लागल्यावर मगच अर्ज मागवावेत. म्हणजे भाकीत वर्तवायला शिक्षक नकोत आणि अट घालायला आपणही नको. हे जमत नसेल तर आमच्याकडे इन्शुरन्स म्हणून दुसरी विद्यापीठं आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
फर्म आणि इन्शुरन्स यांच्या मधोमध अडकलेले समस्त विद्यार्थी

ता. क. : उत्तर ई-मेलनं पाठवलं तरी चालेल. मात्र गुरुवारी सकाळी आठच्या आत पाठवू नये. आमच्याकडेही बातमी फोडायला बंदी आहे.