वाचक वयाने मोठा

मराठी लेखकाच्या कायमच्या तक्रारी दोन: प्रकाशक मानधन देत नाही आणि वाचक उरला नाही. पहिलीत तथ्य असू शकेल. दुसरी मात्र ठाणे-कल्याण पट्ट्यात जरा दबक्या आवाजात करावी, कारण या मुलखात वाचक लेखकापेक्षा वयाने मोठा आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरवलं ते १८७८ साली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याच्या चौदा वर्षं आधी, १८६४ मध्येच उघडलं होतं. मराठीतली पहिली कादंबरी समजली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. म्हणजे कादंबऱ्यांचा पत्ता नसताना कल्याणकर कपाटं लावून बसले होते. बरं, कल्याणला आगगाडी आली १८५४ मध्ये, तेव्हा ‘प्रवासात वेळ जातो हो’ ही सबबही हाताशी होती. ती त्यांनी वापरली नाही. पुढे १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभारण्यात पुढाकार घेतला, आणि त्यानंतर ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. आधी संग्रहालय, मग ग्रंथ. हल्ली चार पुस्तकं स्वतःची झाल्यावर दुसऱ्यांची वाचायची राहिली हे ध्यानात येतं, काहींच्या तर तेही येत नाही.

यावर लेखक म्हणेल, असेल वाचक, पण तो विकत कुठे घेतो? महिन्याची वर्गणी भरतो आणि दिवाळी अंक होळीपर्यंत घराघरांतून फिरवतो. आरोप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. विकत घेतलेल्या पुस्तकाला मुदत नसते, त्यामुळे ते सावकाश वाचलं जातं, म्हणजे बहुधा कधीच नाही. लग्नामुंजीत भेट मिळालेली पुस्तकं तर प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पुढच्या मुंजीला जातात. वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते आणि वर्गणी वसूल करण्याची मध्यमवर्गीय जिद्द असते. म्हणून सभासद कंटाळवाणी कादंबरीसुद्धा शेवटपर्यंत नेतो. त्याने ती वाचली याचा पुरावा समासात पेन्सिलीने लिहिलेला सापडतो: ‘हे आधीच कळलं होतं’, ‘वेलांटी चुकली’, ‘मागच्या प्रकरणात ही विधवा होती’. पुस्तक खराब करणं वाईटच, ग्रंथपालाने दंड जरूर घ्यावा. पण वर्तमानपत्रातल्या परीक्षणांत मलपृष्ठावरचा मजकूरच पुन्हा भेटत असताना ‘मागच्या प्रकरणात’ पाहणारा हा एकटाच आहे, आणि तो मानधन मागत नाही.

कुणी म्हणेल, हा जुना काळ झाला, आता लोकलमध्ये सगळ्यांच्या माना मोबाइलवर. मान्य. पण लोकलमध्ये मान वर करायला जागा असते असं ज्याला वाटतं, त्याने आधी डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून दाखवावी. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे लेखक याच डोंबिवलीत राहिले. लेखक आणि वाचक एकाच बाजारात भाजी घेत असले की लेखकाला मत विचारावं लागत नाही, ते ऐकून घ्यावं लागतं. संमेलनाच्या मांडवातल्या खुर्च्या मोजून वाचकांची संख्या ठरवणाऱ्यांना ही सोय कळत नाही. मांडवात वाचकाला ऐकायचं असतं, आणि तेही अध्यक्षांचं संपूर्ण भाषण.

पैशांचा प्रश्न उरतोच, आणि तो सभासदाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. वाचनालयातून पुस्तक वाचलं जातं म्हणून लेखकाला सरकारी तिजोरीतून मोबदला देण्याची पद्धत डेन्मार्कने १९४६ मध्ये सुरू केली, ब्रिटनने १९७९ मध्ये तसा कायदा केला. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, त्यात लेखकाच्या खिशाची आठवण कुणाला झाली नाही. संमेलनात दरवर्षी इतके ठराव होतात, त्यांत हा एक घ्यावा. तो कल्याणच्या एखाद्या जुन्या सभासदाने मांडावा आणि लेखकांनी फक्त अनुमोदन द्यावं, तेही थोडक्यात.