घाम का गळती?

आमच्या ले-आउटमधले काकाजी कोणाच्याही घरात शिरले की आधी वर पाहतात, यजमानाकडे नंतर. चपला काढता काढताच मान मागे जाते, चष्मा कपाळावर चढतो आणि नजर छताच्या कोपऱ्यात स्थिरावते. "काऊन जी, हे ओल केव्हापासून आहे?" हाच त्यांचा रामराम. पुतण्यासाठी मुलगी पाहायला मानेवाड्याला गेले, तेव्हाही पोहे खाताना त्यांची मान वरच होती. परतताना ऑटोत वहिनींनी विचारलं, "कशी वाटली?" "चांगली आहे," काकाजी म्हणाले, "पण टाकीखालचा भाग त्यायनं एकदा पाहून घ्यावा." लग्न जमलं. टाकीचंही काम झालं म्हणतात.

काकाजींचा बांधकामाशी उभ्या जन्मात संबंध आला नाही. लेखापरीक्षणात नोकरी झाली. तिथे आक्षेप काढायचा असतो, निवारण ज्याचं त्यानं करायचं असतं. छतांच्या बाबतीतही त्यांनी हाच नियम पाळला आहे. त्यांनी आजवर कोणाच्या घरी थापी हातात धरलेली नाही. ते फक्त सांगतात. सांगायच्या आधी मात्र इतकं विचारतात, की घरमालकाला आपलं घर आपणच बांधलं की नाही याची शंका येऊ लागते.

त्यांचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. बाहेरगावच्या लोकांना नागपूर म्हटलं की ऊन आठवतं, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री आभाळ निरभ्र असतं, टिनाचा पत्रा आपली ऊब भराभर वर सोडून देतो आणि पहाटेपर्यंत खोलीतल्या हवेपेक्षा पुष्कळ गार होतो. खाली खिडक्या गच्च लावून चार माणसं झोपलेली, त्यात पहाटे पाचला गॅसवर आंघोळीचं पाणी चढलेलं. ती सगळी वाफ पत्र्याला खालून जाऊन चिकटते आणि सातच्या सुमारास रजईवर टपटप सुरू होते. गच्चीवर टिनाची खोली बांधून नवीनच राहायला आलेलं एक जोडपं यानं हैराण झालं होतं. पाऊस जाऊन तीन महिने झालेले, आणि घर गळतंय! मिस्त्री येऊन सगळा पत्रा बदलायचा म्हणून सांगून गेला होता.

काकाजींनी स्टूल मागवलं. "कधी टपकते? सकाळीच का दिवसभर? एकाच जागी का सगळीकडे? पाणी साफ आहे का पिवळं?" नवरा उत्तरं देत होता, बायको चहा टाकत होती, काकाजी पत्र्याला बोट लावून ते बोट उजेडात पाहत होते. शेवटी निकाल लागला. "घाम आहे. गळती असती तं हुकाच्या भोकापाशी पिवळी कडा दिसली असती. इथं सगळ्या पत्र्यावर मोती फुटले आहेत, स्वयंपाकाच्या अंगाले जास्त. अकरा वाजता या, सुकलेलं असते." अकराला सुकलेलं होतं. खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि पाणी बाहेर तापवा, एवढंच त्यांनी सांगितलं. पत्रा वाचला. तेव्हापासून संक्रांतीला त्या घरून काकाजींकडे तिळगुळाचा वेगळा डबा जातो.

पक्क्या स्लॅबसाठी त्यांची दुसरी तऱ्हा आहे. खिशात चिकटपट्टी, आणि सुताराची चपटी पेन्सिल कानावर. शालूच्या पिशवीचा हातभर तुकडा ते डागावर चारही बाजूंनी घट्ट चिकटवतात आणि दोन दिवस हात लावू देत नाहीत. ओल प्लास्टिकच्या आत, स्लॅबकडून आली तर पाणी स्लॅबमधलं. बाहेरून, खोलीकडून दव धरलं तर हवेतलं. पद्धत खरी आहे, जाणकार इंजिनिअरही ती वापरतात. पण दोन दिवसांत घरी सत्यनारायण असला तर पाहुण्यांना त्या पिशवीबद्दल काय सांगायचं, ते काकाजी सांगत नाहीत. डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारून तारीख आणि वेळ घालतात ते वेगळंच. पुढच्या खेपेला डाग रेघेबाहेर गेला असेल तर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नाही. एकदा दिवाळीच्या रंगकामात पेंटरनं तेवढा गोल सोडून बाकी छत रंगवलं. त्याला ती महापालिकेची खूण वाटली होती.

"पाणी खोटं नाही बोलत जी, मिस्त्री बोलते," हे त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य. दुसरं, "पाणी शिरते महालात आन निघते सीताबर्डीले." यातही तथ्य आहे. भोक एका ठिकाणी असतं, पाणी उताराउतारानं अँगलवरून सरकत भलतीकडेच टपकतं, आणि लोक टपकतं तिथे डांबर फासून मोकळे होतात. पुण्याहून आलेल्या जावयानं त्यांना ओल मोजायचं यंत्र भेट दिलं होतं. काकाजींनी ते खोक्यातून काढलंच नाही. "३० मे २०२४ ले आपल्या नागपुरात सरकारी यंत्रानं छप्पन्न अंश दाखवले होते, माहीत आहे नं?" पुढे हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, हे ते दर वेळी अशा थाटात जोडतात, की तो आक्षेपही त्यांनीच काढला असावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र त्यांची झोप उडते. पहाट अजून गार, वरून अवकाळी पाऊस, आणि गारपीट झाली की पत्र्यावर पोचे पडतात, हुकाखालचे वॉशर ढिले होतात. संत्रावाले बहाराच्या काळजीत, काकाजी निदानाच्या. घाम का गळती? एका मास्तरांच्या घरी ते आठवडाभर पहाटे जाऊन बसले आणि शेवटी "दोन्ही" म्हणाले. मास्तर आजही विचारतात, की मग आधी काय करायचं होतं? एप्रिलमध्ये त्याच मास्तरांची भिंत खिडकीखाली ओली झाली. ना पाऊस, ना थंडी. कूलरचा स्टँड आतल्या अंगाला कलला होता. खाली वीट सारली, भिंत सुकली. इतकं सोपं उत्तर निघाल्यानं काकाजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा तलावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या ओळखीच्यांनी घाबरून त्यांनाच फोन केला. "हे आपल्या खात्यातलं नाही," काकाजी म्हणाले, "हे खालून येऊन राह्यलं." पाणी ओसरल्यावर ते कुटुंब आठ-दहा दिवस काकाजींच्याच घरी राहिलं. गाद्या वाळवायला गच्चीवर काकाजी स्वतः चढत-उतरत होते.

तिथेच त्या पाहुण्यांना काकाजींच्या बैठकीतला डाग दिसला. त्याच्याभोवती रेघांमागून रेघा, अगदी आतली २०११ ची. त्यावर अजून "तपास चालू आहे." पाणी टाकीचं, गच्ची आणि पॅरापेटच्या सांध्यावरच्या गोल्याच्या भेगेतलं, की आणखी कुठलं, याचा निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही, असा हुकूम. काकूंची बादली दर पावसाळ्यात तिथे मुक्कामी असायची.

मागच्या मे महिन्यात काकाजी मुलीकडे पुण्याला गेले. काकूंनी मिस्त्री बोलावला, भेग खोलून गोला नवा करून घेतला आणि काकाजी यायच्या आत गच्ची धुऊन टाकली. जून, जुलै, ऑगस्ट. छत कोरडं ठणठणीत. काकाजी रोज स्टुलावर चढून पाहत. गणपतीत आरती झाल्यावर सगळ्यांच्या देखत त्यांनी निकाल जाहीर केला: "गळती नव्हतीच. घाम होता!"

मिस्त्रीची पावती गव्हाच्या कोठीत आहे आणि बोलायचं नाही म्हणून काकूंनी मला शपथ घातली आहे. लिहायचं नाही, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. तसंही छापलेल्या मजकुरापैकी काकाजी फक्त सिमेंटच्या पोत्यावरचा आठवडा आणि साल तेवढं वाचतात.