कै. पायथन २.७ (संगणकाची भाषा) यांस

मु. तलासरी, जि. पालघर



१ जानेवारी २०२० रोजी आपला आधार सुटला. एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली, म्हणजे दिवसपाणीही यथासांग झालं. आपला वारस पायथन ३ तर २००८ सालीच जन्मला होता. आपल्याला निरोप द्यायची मुदत आधी २०१५ होती, ती वाढवून २०२० केली. एवढी सवलत मिळूनही आम्ही ढिम्म.

हलत होती ती जमीन. ११ नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं भर थंडीत अंगणात नि तंबूत झोपली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का बसला. अशा धक्क्यांचे तक्ते करणारा आमचा प्रोग्राम आपल्या भाषेत लिहिलेला. लिहिणारे सर निवृत्त झाले. मागे टिपण एकच: ‘चालतंय. हात लावू नये.’

गेल्या आठवड्यात जुना संगणक गेला आणि हात लावावाच लागला.

प्रिंटला कंस हवा होता, दिला. पाचाला दोनाने भागलं की आपण नुसते दोन द्यायचात, नवा अडीच देतो. तेही सोसलं. ‘तलासरी’ची लांबी आपण बाइट मोजून अठरा सांगायचात, नवा सहा सांगतो. आम्ही गावकरी चार अक्षरं म्हणतो, पण आम्हाला विचारतो कोण?

पण ‘राउंड’चं काय? आपण अडीचचे तीन करायचात, शाळेत बाईंनी शिकवलं तसंच. नवे महाराज अडीचचे दोन करतात आणि साडेतीनचे मात्र चार! म्हणे अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे न्यायचा, म्हणजे बेरीज फुगत नाही. असेल शास्त्रशुद्ध. पण सांगायचं तरी! ना चूक दाखवली, ना इशारा दिला. जुन्याचं नवं करून देणारं ते ‘टू-टू-थ्री’ अवजारही इथे मुकाट पुढे गेलं. तीनच्या खान्यातले अडीचचे सगळे धक्के गुपचूप दोनच्या खान्यात जाऊन बसले. तक्ता बघून वरचे साहेब म्हणाले, “तलासरी त्या मानाने शांतच होती की!”

शांत? माझी आत्या अडीचच्या धक्क्याला नातवाला काखोटीला मारून बाहेर पळायची. अर्धी घरात नि अर्धी अंगणात, अशी नाही. पुरती पळायची.

तेव्हा कळलं, आपल्यावर चिडून उपयोग नाही. आपण बिचारे शेवटपर्यंत सांगितलं तसंच मोजत राहिलात. अकरा वर्षं मिळाली होती आम्हाला. आम्ही निर्लज्जपणे ‘चालतंय’ म्हणत बसलो. जुन्या-नव्याचे तक्ते शेजारी ठेवून ताडून बघावेत, एवढंही कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा नाही. आत्या आठवली नसती, तर तो तक्ता तसाच फायलीत गेला असता.

आता बाईंचा नियम मी स्वतः चार ओळींत लिहून टाकलाय. सरांच्या टिपणाखाली भर घातली आहे: ‘हात लावावा. आधी अडीच घालून बघावं.’

कळावे,
आपला एक उशिरा शहाणा झालेला आश्रित