घसा एक, बक्षिसं दोन

विज्ञानपटांच्या चाहत्यांमध्ये गेली दहाएक वर्षं एक खटला चालू आहे. आरोपी : एडी रेडमेन, नट, लंडन. आरोप : २०१५ सालच्या ‘ज्युपिटर असेंडिंग’ या चित्रपटात बालेम अब्रासॅक्स नावाचा खलनायक रंगवताना अखंड कुजबुजणे, आणि बिचाऱ्या प्रेक्षकाने नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की नेमकं त्याच क्षणी किंचाळणे. साक्षीदार भरपूर आहेत. ज्यांनी पूर्ण चित्रपट पाहिला ते थोडं दमून साक्ष देतात. ज्यांनी फक्त मिनिटभराची क्लिप पाहिली आहे, ते टेबलावर मूठ आपटून.

नवीन वाचकांसाठी हकीकत थोडक्यात. शिकागोत लोकांचे संडास घासणारी एक मुलगी असते. ती वास्तविक एका अंतराळसम्राज्ञीचा जनुकीय पुनर्जन्म असते. हे तिला कोण सांगतं? मधमाश्या. मधमाश्यांना राजरक्त ओळखता येतं. तिचं रक्षण करायला पंख गमावलेला, अर्धा लांडगा असलेला सैनिक हवेत स्केटिंग करत येतो. पृथ्वी ही बालेमची वडिलोपार्जित शेती असते, पीक म्हणजे आपण. माणसं पिकली की त्यांचा अर्क काढायचा, आणि अब्रासॅक्स घराण्याने त्यात न्हाऊन हजारो वर्षं तरुण राहायचं. कारखाना गुरू ग्रहावरच्या लाल डागाच्या पोटात. कामावर पंखवाले सरडे.

एवढं सगळं निमूट गिळल्यावर चाहता म्हणतो, ‘‘बाकी ठीक आहे हो, पण त्या खलनायकाचा अभिनय जरा अवास्तव वाटला.’’

या वाक्यानंतर वाद पेटतो. एक तट म्हणतो, माणूस वाया गेला, दिग्दर्शकांनी त्याला आवरायला हवं होतं. दुसरा तट म्हणतो, अहो, त्याने हे मुद्दाम केलंय, तुम्हाला कळलं नाही. हा ‘मुद्दाम’ फार उपयोगी. मनातल्या मनात हसत वाईट काम केलं तर ती शैली, आणि मनापासून वाईट केलं तर तो गुन्हा, असं चाहत्यांचं दंडविधान आहे. त्यामुळे बालेमच्या डोळ्यांत मिश्कील चमक आहे की नाही, हे तपासायला मंडळी एकेक चौकट थांबवून बघतात. चमक सापडत नाही. रेडमेन संपूर्ण गांभीर्याने, गळ्याच्या शिरा ताणून काम करतोय. निर्मितीची बढाई किंचाळून मारतो आणि संहाराची धमकी कुजबुजून देतो. उलट क्रम कोणीही लावला असता.

पूर्वसुरींचे दाखले दोन्ही तटांकडे तयार असतात. इंगमार बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’मध्ये मृत्यूशी बुद्धिबळ खेळलेला माक्स फॉन सीडो १९८० साली ‘फ्लॅश गॉर्डन’मध्ये लालभडक झगा घालून सम्राट मिंग झाला, त्याला माफी आहे, कारण त्याला मजा येत होती. राउल जुलियाने ‘स्ट्रीट फायटर’मधला हुकूमशहा आपल्या मुलांसाठी स्वीकारला आणि चित्रपट लागण्याआधीच तो गेला; त्याच्याविरुद्ध बोलायची कोणाची छाती नाही. ‘बॅटलफील्ड अर्थ’मधल्या जॉन ट्रॅव्होल्टाचं वकीलपत्र मात्र अजून कोणी घेतलेलं नाही, मीही घेणार नाही.

रेडमेनचा खटला एवढा चिघळला त्याला कारण तारखांचं आहे. ‘ज्युपिटर असेंडिंग’ अमेरिकेत लागला ६ फेब्रुवारी २०१५ ला. मुळात तो २०१४ च्या जुलैत यायचा होता. पुढे ढकलता ढकलता तो ऑस्करच्या तोंडावर येऊन पडला. आणि त्याच ऑस्करसाठी ‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’मधल्या स्टीफन हॉकिंगच्या भूमिकेकरता हाच रेडमेन शर्यतीत पुढे होता. हॉलिवूडच्या जाणत्यांनी ताबडतोब पंचांग उघडलं. २००७ साली एडी मर्फीचं ऑस्कर हुकलं ते ऐन वेळी ‘नॉर्बिट’ लागला म्हणून, अशी तिकडे दृढ श्रद्धा आहे. आता दुसऱ्या एडीचंही तसंच होणार! एडी नावाच्या माणसाने फेब्रुवारीत चित्रपट लावू नये, एवढंच ज्योतिष सांगायचं राहिलं होतं. काही झालं नाही. २२ फेब्रुवारीला रेडमेन मंचावर गेला आणि बाहुली घेऊन आला. अकादमीच्या सदस्यांनी ‘ज्युपिटर’ पाहिलाच नसावा, हे अज्ञान त्याच्या पथ्यावर पडलं.

वर्षभराने हिशेब चुकता झाला. २७ फेब्रुवारी २०१६ ला बालेमसाठी त्याला सर्वांत वाईट सहायक अभिनेत्याचा रॅझी हा थट्टेचा पुरस्कार मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी तो ‘द डॅनिश गर्ल’च्या नामांकनासाठी ऑस्करला सूट घालून हजर. ऑस्कर या वेळी डिकॅप्रिओला गेलं.

यात एक गोष्ट कोणाच्याच नजरेत भरत नाही. ‘ज्युपिटर’मधल्या त्या सैनिक-लांडग्याने पूर्वी एका राजघराण्यातल्या माणसाचा गळा फाडल्याचं चित्रपटात येतं. रेडमेनने नंतर सांगितलं, की आपल्या पात्राचं स्वरयंत्र लांडग्याने फाडलेलं आहे असं धरून आपण तो आवाज लावला. म्हणजे बघा : एका चित्रपटात आवाज गेलेला शास्त्रज्ञ, दुसऱ्यात आवाज फाटलेला खलनायक. दोन्हीकडे नटाने कागदावरचा घसा मन लावून वाचला. एकाला सोन्याचा मुलामा, दुसऱ्याला सोनेरी रंग फवारलेली प्लॅस्टिकची रास्पबेरी. फरक असा, की हॉकिंग खरे होते आणि त्यांच्याशी ताडून बघायची सोय होती. स्वरयंत्र फाटलेला, आईचा खून केलेला, हजारो वर्षांचा अंतराळ-जमीनदार कसा बोलतो हे ताडून बघायला परीक्षकांपैकी कोणी भेटलं होतं का त्याला?

मराठी चाहता या वादात उतरला की दोन नावं घेतोच. पहिलं निळू फुले. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे-पाटील आवाज न चढवता भीती घालतो, मग बालेमने काय घोडं मारलं? युक्तिवाद आकर्षक आहे, पण टिकत नाही. हिंदुरावाच्या हळू आवाजामागे साखर कारखाना होता. त्याचं न ऐकणाऱ्याचं काय होईल हे पंचक्रोशीला माहीत होतं. बालेमकडे कारखाना आहे, पंचक्रोशीच नाही. सगळे नोकर सरडे.

दुसरं नाव अमरीश पुरी, आणि इथे मात्र मी सरसावून बसतो. ‘मिस्टर इंडिया’ हा चक्क विज्ञानपट आहे. घड्याळ घातलं की माणूस अदृश्य, लाल उजेडात पुन्हा दृश्य. १९८७ साली मोगँबो सोनेरी केसांचा टोप आणि बॅंडवाल्याला लाजवेल असा कोट घालून सिंहासनावर बोटं नाचवत बसला. त्याच्या शब्दावर माणसं आम्लाच्या कुंडात उड्या टाकत होती, आणि अख्ख्या देशात ‘जरा जास्त झालं’ असं कोणी म्हटलं नाही. आपण खूश झालो. मोगँबोला सौम्य करून पाहा. उरतो तो बेटावर एकटा राहणारा, कोटाची फार हौस असलेला गृहस्थ.

त्यामुळे या खटल्यात माझं मत साफ आहे. १७ कोटी डॉलरहून जास्त खर्चाच्या त्या चित्रपटात आपण कशात काम करतोय हे एकट्या रेडमेनला कळलं होतं. नायिका गोंधळलेली, नायक स्केटिंगमध्ये मग्न, नेपथ्य गॉथिक चर्चसारखं अंगावर आलेलं. अशा ठिकाणी संयत अभिनय करणं म्हणजे दिलेल्या सेटचा अपमान. संपूर्ण चित्रपटात वास्तववादी प्रसंग एकच : नायिकेला सम्राज्ञीपदाची नोंदणी करायची असते आणि आकाशगंगेच्या सरकारी कचेरीत तिला या खिडकीवरून त्या खिडकीवर पिटाळतात. शेवटच्या टेबलावर टेरी गिलियम हा बाहेरचा एक दिग्दर्शक कारकून होऊन बसलाय. त्या प्रसंगाला ‘अतिरंजित’ म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

रॅझीवाल्यांचं म्हणाल, तर वर्गणी भरून कोणालाही तिथे मत देता येतं, पाहिलं-न पाहिलं याची पावती मागत नाहीत. पण त्यांना पश्चात्तापाची सवय लागली आहे ही आशेची बाब. ‘द शायनिंग’साठी शेली डुव्हालला दिलेलं नामांकन त्यांनी २०२२ मध्ये मागे घेतलं, चित्रपट १९८० चा. याच गतीने रेडमेनचा नंबर २०५७ च्या आसपास लागेल. तोवर आपण एवढंच करू : ‘ज्युपिटर’ लावताना मराठी घरांनी रिमोट हातात ठेवावा, इंग्रजी अक्षरं खाली चालू करावीत, आणि रात्री अकरानंतर बालेम तोंड उघडताना दिसला की शेजाऱ्यांसाठी आवाज आधीच कमी करावा.