पाऊण मीटर

वीजवाहक केबल जमिनीत कशी पुरावी, यासाठी आयएस 1255 नावाचं भारतीय मानक आहे. कमी दाबाची केबल निदान 750 मिलिमीटर खोल हवी, तिच्या खाली-वर वाळू, वाळूवर विटा. हे लिहिणारी मंडळी बहुधा काळ्या मातीतली असावीत. आमच्या सिंधुदुर्गात हातभर माती संपली की जांभा लागतो. पिकाव मारला की ठिणगी उडते आणि मनगट खांद्यापर्यंत झिणझिणतं. केबलचा चर म्हणून मी जे खणत होतो, त्याला आमच्याकडे चिरेखाण म्हणतात.

कारण साधं होतं. नोकरी मुंबईची, काम घरून. पडवीत मीटिंगला बसलं की कोंबड्याही हजेरी लावायच्या. म्हणून आगराच्या टोकाचा मांगर झाडून-पुसून तिथे ऑफिस थाटायचं ठरवलं. वायफाय चिऱ्याच्या भिंतीपाशीच दम टाकत होतं. वायरमन म्हणाला, "वरून टाकू, दोन खांब उभे केले की झालं." मी त्याला झावळ्या दाखवल्या. एक पिकलेली झावळी पडली की तार गेली. शिवाय आम्ही कॉम्प्युटरमधली माणसं. सगळ्या जगाचं इंटरनेट जमिनीतून आणि समुद्रातून जातं हे त्याला ऐकवल्याशिवाय मला राहवेना. त्याने शांतपणे तंबाखू मळली.

आलेखाच्या कागदावर मी नकाशा काढला. घर ते मांगर सरळ रेषेत 55 मीटर. तांब्याच्या नेटवर्क केबलला 100 मीटरची मर्यादा, म्हणजे आपण निवांत. चुन्याची फक्की ओढली, गड्याने पहिला घाव घातला आणि मागच्या दारातून आवाज आला,

"हयसर खणू नको, हळद आसा!"

एप्रिल महिना. मला नुसता पाचोळा दिसत होता. रेघ वळवली.

"थयसर सुरण आसा!"

सुरणही दिसत नव्हता. तो पाऊस पडल्यावर उगवतो म्हणे, तोवर खाली झोपलेला असतो. मग कणगरांची जागा आली, मग न्हाणीचं पाणी माडांना नेणारा जुना पाट, जो आजोबांनी बुजवला होता पण आईच्या मते अजून चालू होता. जमिनीखाली काय आहे हे सांगणारी यंत्रं लोक भाड्याने आणतात. माझ्याकडे ते यंत्र पायरीवर बसून तांदूळ निवडत होतं. माझी सरळ रेघ नागमोडी होत होत 90 मीटरला पोचली. आणखी एक सुरण निघाला असता तर सिग्नल वाटेतच संपला असता.

विजेची केबल आणि नेटची केबल शेजारी-शेजारी घालायची नाही, मध्ये चांगलं वीतभर अंतर ठेवायचं आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडायची, हा नियम मात्र आईला पहिल्या झटक्यात पटला. आयुष्यभर सोवळं पाळलेल्या बाईला तो वेगळा समजावावा लागला नाही.

आता घुशी. 1849 साली व्हेर्नर सीमेन्सने बर्लिन ते फ्रँकफर्ट तारायंत्राची तार टाकली. तिचा बराचसा भाग गटापर्चाचं वेष्टण देऊन जमिनीत पुरला होता, पण वर धातूचं कवच नव्हतं. ती उंदरांनी कुरतडली. जर्मन उंदरांची ही तऱ्हा, तर माडाच्या मुळाशी बीळ करून राहणाऱ्या आमच्या घुशींपुढे साध्या केबलचं काय? म्हणून विजेसाठी पोलादी तारांचं चिलखत असलेली आर्मर्ड केबल घेतली आणि नेटसाठी काळा एचडीपीई पाइप. उद्या लागला तर असावा म्हणून त्याच चरात आणखी एक रिकामा पाइपही टाकला. या दूरदृष्टीबद्दल मी घरात बरंच बोललो.

पाइपातून आधी दोरी ओढावी लागते. दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधायची, दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, पिशवी सरसर येते. मुंबईहून आणलेला क्लीनर मी मांगरात लावला. तो नुसता किंचाळत राहिला. गड्याने पाइपाला कान लावला आणि म्हणाला, "आत बेबो आसा." मग त्याने वरच्या टोकाने कळशीभर पाणी ओतलं. खालच्या टोकाने आधी बेडूक आला, पाठोपाठ पिशवी, तिच्यामागे दोरी. पाइपात पाणी गेलं म्हणून मी कळवळलो, पण जमिनीतल्या पाइपात पाणी आज ना उद्या शिरतंच. जेली भरलेली केबल त्यासाठीच असते. गड्याला हे माहीत नव्हतं, त्यामुळे त्याचं काम झालं.

विजेची टोकं वायरमननेच जोडली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. नेटची टोकं माझ्याकडे होती. केसाएवढ्या आठ तारा नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी अशा क्रमाने चिमटीत धरायच्या, एका रेषेत कापायच्या आणि त्या इवल्याशा प्लगमध्ये सारायच्या. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, पुन्हा कपाळावर. टेस्टर लावला तर सात दिवे लागले, चौथा लागेना. चारही जोड्या जुळल्या तर गिगाबिट चालतं, नाहीतर दोन जोड्यांवर 100 मेगाबिट. मी 100 वर समाधान मानलं. गावात येणारं कनेक्शनच 40 चं आहे, हे वायरमनने हिशेबाचा कागद देताना सांगितलं.

मे महिन्यात भाचा आला. म्हणाला, "मामा, दोन इमारतींच्या मध्ये तांबं टाकतात का? जवळपास वीज पडली की दोन्हीकडची यंत्रं जातील. काचेच्या फायबरला ते भय नाही." मी याच क्षणाची वाट पाहत होतो. त्याला अभिमानाने मांगरामागे घेऊन गेलो, रिकामा पाइप दाखवायला. पाइपातून पाणी भळभळत केळींच्या आळ्यात पडत होतं.

"रिकामी नळी कोण पुरता रे?" आई म्हणाली. "मी टाकीक जोडून घेतलंय."

भाचा वाकून बघत म्हणाला, "मामा, या लाइनला स्पीड चांगला आहे."